दिवाळखोरीचा आदेश आपोआप सरहद्द ओलांडत नाही

‘एका देशात कंपनी दिवाळखोर ठरली की तो आदेश जगभर लागू’ हा समज चिवट आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी परदेशी प्रशासकाला (दिवाळखोर कंपनीचा कारभार पाहायला नेमलेल्या व्यक्तीला) दुसऱ्या देशाच्या न्यायालयात अर्ज करून मान्यता मिळवावी लागते. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने 1997 साली नमुना कायदा केला. पण तो नमुनाच. ज्या देशाने स्वीकारला, तिथेच चालतो.

मान्यता म्हणजे नुसता शिक्काही नव्हे. 2007 मध्ये बेअर स्टर्न्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेचे दोन फंड बुडाले. नोंदणी केमन बेटांची, म्हणून कार्यवाही तिथे सुरू झाली. मात्र व्यवस्थापक आणि मालमत्ता न्यूयॉर्कमध्ये! कोणाचीही हरकत नसताना न्यूयॉर्कच्या न्यायालयाने केमनमधल्या कार्यवाहीला मान्यता नाकारली. नोंदणीच्या कागदापेक्षा कारभाराचं खरं केंद्र महत्त्वाचं, आणि माझ्या मते ते योग्यच.

असं केंद्र असलेल्या देशातली कार्यवाही ‘मुख्य’ मानली गेली, तर मान्यता देणाऱ्या देशात वसुलीचे दावे आणि जप्ती आपसूक थांबतात. कंपनीचा नुसता चालता व्यवसाय असलेल्या देशातली कार्यवाही ‘अमुख्य’. तिला मान्यता मिळाली, तरी दिलासा मान्यता देणाऱ्या न्यायाधीशांच्या मर्जीवर. मान्यतेनंतरही स्थानिक धनकोंचं हित तपासूनच मालमत्ता परदेशी प्रशासकाच्या हवाली होते.