शेअर्ड फोल्डरमधील नामसंघर्ष

घरच्या स्टोरेज सर्व्हरवर, म्हणजे नॅसवर, एकाच नावाचे दोन फोल्डर दिसू लागणे किंवा दोन असताना एकाचाच मजकूर उघडणे, या बिघाडास नामसंघर्ष म्हणतात. यात डेटा सहसा शाबूत असतो. नुकसान होते ते ‘डुप्लिकेट’ समजून एक फोल्डर डिलीट केल्यावर. म्हणून दोन्हींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

बहुतेक घरगुती नॅस लिनक्सवर चालतात आणि विंडोजशी सांबा या प्रणालीमार्फत बोलतात. इंग्रजीतील लहान आणि मोठी लिपी लिनक्सला वेगळी वाटते, विंडोजला एकच. त्यामुळे फक्त पहिल्या अक्षराच्या आकाराने वेगळे असलेले दोन फोल्डर सर्व्हरवर सुखाने नांदतात, पण विंडोजवर कोणता उघडेल याचा भरवसा नसतो. शेअरचे, म्हणजे नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरचे, आणि वापरकर्त्याचे नाव एकच ठेवले तरी घोळ होतो: सांबा आधी त्या नावाचा स्वतंत्र शेअर शोधतो, आणि वापरकर्त्याचा खासगी फोल्डर त्यामागे झाकला जातो.

मराठी नावांतला पेच याहून अवघड आहे, कारण तो डोळ्यांना दिसतच नाही. साताऱ्यातले एखादे घर घ्या. वडिलांनी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘साताऱ्याचे घर’ असा फोल्डर केला आणि त्यात सातबारा, घरपट्टीच्या पावत्या ठेवल्या. मुलीने दुसऱ्या कीबोर्डवरून तेच नाव टाइप केले आणि नव्या पावत्या तिथे गेल्या. यादीत दोन्ही नावे हुबेहूब सारखी. फरक आहे तो ‘ऱ्या’मध्ये. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकीय मानकात, ऱ हे ०९३१ क्रमांकाचे स्वतंत्र अक्षर आहे. तेच र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असे सुटेही लिहिता येते. आणि र, हलन्त व शून्य रुंदीचे जोडचिन्ह मिळूनही तीच आडवी रेघ उमटते. ‘कऱ्हाड’चेही हेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम तर ऱ स्वतःच सुटे करून साठवते, त्यामुळे तिथून आरसिंक या कॉपी करण्याच्या साधनाने आणलेले फोल्डर हमखास दुहेरी होतात. ‘ॲल्बम’मधला ॲ हा एक अक्षर म्हणूनही येतो आणि अ वर चंद्र देऊनही.

निदान करताना पडद्यावर विसंबू नये. एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या जोडणीने, सर्व्हरवर जाऊन नावांची यादी एक्सएक्सडी या साधनातून काढावी, म्हणजे अक्षरे ज्या अंकांत साठवली जातात ते बाइट दिसतात. हलन्तासह ऱ ६ बाइटांचा असतो. सुट्या नुक्त्याचे आणि जोडचिन्हाचे रूप प्रत्येकी ९ बाइटांचे. नुक्त्याची नावे कन्व्हएमव्ही हे साधन एनएफसी, म्हणजे युनिकोडच्या प्रमाणित जोडलेल्या, रूपात आणून देते. ‘नोटेस्ट’ हा पर्याय दिल्याशिवाय ते काहीच बदलत नाही, नुसते दाखवते. ती यादी नीट वाचावीच. जोडचिन्ह आणि ॲ यांना मात्र एनएफसीचा उपयोग नाही, कारण युनिकोड त्या रूपांना समान मानत नाही. तिथे आयनोड क्रमांकावरून, म्हणजे फाइल सिस्टिमने प्रत्येक फोल्डरला दिलेल्या क्रमांकावरून, एक फोल्डर गाठावा, त्याला साधे तात्पुरते नाव द्यावे आणि मग त्यातल्या फाइली दुसऱ्यात हलवाव्यात. दोन्हींत एकाच नावाची फाइल निघाली तर ती उघडून पाहावी; केवळ तारखेवरून निवड करू नये.

अचानक वीज गेल्यानंतर दिसणारा प्रकार मात्र नावाचा नसून डिस्क जोडण्याचा असतो. यूएसबी डिस्क ज्यात जोडली जाते तो जुना माउंट फोल्डर तसाच उरतो, डिस्क परत येताना नावापुढे १ लावून जोडली जाते आणि शेअर मात्र रिकाम्या जुन्या फोल्डरकडे बोट दाखवत राहतो. अशा वेळी त्या रिकाम्या फोल्डरमध्ये नव्याने काही कॉपी करू नये. डिस्क सोडवून तो रिकामा फोल्डर काढावा आणि एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, डिस्कची नोंद लेबलाऐवजी यूयूआयडी या तिच्या एकमेव ओळखक्रमांकाने, ठरावीक जागी करावी.