पौष नवमीच्या रात्री ठाण्यावर पडलेला एक वॉट

१९ जानेवारी २०२४, रात्रीचे पावणेनऊ वाजून गेले होते. जपानचं ‘स्लिम’ यान चंद्रावर उतरत होतं आणि पौष शुद्ध नवमीचा चंद्र ठाण्याच्या आकाशात चांगला उंच होता. टेकता टेकता यानाने जेमतेम दोन किलोची, उड्या मारत फिरणारी ‘लेव्ह-१’ ही बग्गी बाहेर सोडली. यान नाकावर उलटलं, पण बग्गी बोलत राहिली. तिच्यात हौशी रेडिओच्या, म्हणजे छंद म्हणून रेडिओवर संदेश पाठवणाऱ्या ‘हॅम’ मंडळींच्या, पट्ट्यातला ४३७.४१ मेगाहर्ट्झचा ट्रान्समीटर होता. कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) जेएस१वायएमजी, ताकद १ वॉट. चंद्राच्या जमिनीवरचं हे पहिलं हॅम केंद्र.

एक वॉट म्हणजे देवघरातल्या एलईडी दिव्याएवढी वीज! तरीही त्या रात्री तिचे तरंग उपवन तलावावर आणि घोडबंदर रोडवरच्या प्रत्येक गच्चीवर पडतच होते. मला या गोष्टीचं अजून नवल वाटतं.

ऐकणं मात्र सोपं नाही. अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा सुमारे ४०० किलोमीटरवर असतं, चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर. अंतर ९६० पट वाढलं की तेवढ्याच ताकदीचा संदेश नऊ लाख पटींहून क्षीण होतो. त्यात इमारतीतले एलईडी दिवे, चार्जर आणि लिफ्ट यांची खरखर.

मग मोठी डिश हवीच का? असली तर उत्तमच. नेदरलँड्समधल्या ड्विंगलोच्या २५ मीटर व्यासाच्या जुन्या रेडिओ दुर्बिणीवर हौशी मंडळींनी २०१९ साली ‘लाँगजिआंग-२’ या चिनी चंद्र-उपग्रहाने काढलेला पृथ्वी आणि चंद्राच्या पलीकडच्या बाजूचा एकत्र फोटो उतरवून घेतला होता. पण नुसता सूर, म्हणजे ट्रान्समीटरचा एकसुरी संदेश, पकडायला गच्चीवरची चांगली लांब यागी (आडव्या दांड्यांची अँटेना), तिच्या बुडाशीच बसवलेला कमी खरखरीचा अँप्लिफायर आणि संगणकाला जोडलेला रेडिओ ऐकणारा डोंगल यांवरही आशा धरता येते. युक्ती आहे ती कान अरुंद करण्याची. खरखर सगळ्या पट्ट्यात पसरलेली असते, सूर मात्र एकाच रेषेत उभा असतो. एफएमवरच्या आवाजासाठी सुमारे १५,००० हर्ट्झची खिडकी लागते. तीच १० हर्ट्झची केली की आत येणारी खरखर दीड हजार पटींनी घटते आणि सूर आहे तेवढाच राहतो. मोर्सचा संथ कट्ट-कडकट्ट एवढ्याशा फटीतूनही येतो. फटीतून भाषण येणार नाही, हे खरं.

मात्र ही फट जागेवर ठेवून चालत नाही. चंद्र माथ्यावर असताना सूर तीन-चार मिनिटांतच दहा हर्ट्झ सरकतो आणि हातातून निसटतो. पारसिकच्या डोंगरामागून चंद्र उगवतो तेव्हा ऐकू येणारा सूर मूळ सुरापेक्षा सुमारे सहाशे हर्ट्झ वर असतो. चंद्र येऊरमागे मावळेपर्यंत तेवढाच खाली उतरलेला असतो. ऐकणारा जवळ येत असला की सूर चढतो, दूर जात असला की उतरतो. बग्गी तर चंद्रावर जागच्या जागी आहे. हा उतार मुख्यतः आपला आहे: पृथ्वीच्या फिरण्याबरोबर ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने आधी चंद्राकडे आणि मग चंद्रापासून दूर जाणाऱ्या ठाण्याचा.