ऊन अंगवळणी पडते म्हणजे नेमके काय होते?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फिलिपिन्समध्ये तैनात असलेल्या शेकडो अमेरिकी सैनिकांना नारिंगी-लाल रंगाची अंतर्वस्त्रे वाटण्यात आली. ही थट्टा नव्हती, सरकारी प्रयोग होता. चार्ल्स वुड्रफ या लष्करी डॉक्टरने १९०५ मध्ये असा सिद्धान्त मांडला होता की उष्ण कटिबंधात गोऱ्या माणसाला बाधते ती तिथली उष्णता नव्हे, तिथला प्रकाश. सूर्याचे काही किरण कातडीतून आत शिरतात आणि मज्जासंस्था पोखरतात. मग ते किरण अडवायचे तर छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीतल्या दिव्याच्या रंगाचे कापड अंगात घालायला हवे. १९१० मध्ये निष्कर्ष छापून आले. फायदा काही दिसला नाही, उलट सैनिकांना जास्तच उकडले.

आज हसू येते, पण त्या काळात ही समजूत एकट्या वुड्रफची नव्हती. भारतापासून आफ्रिकेपर्यंत ब्रिटिश सैनिक आणि साहेब सोला, म्हणजे भेंडाच्या जाड टोपीशिवाय उन्हात पाऊल टाकत नसत. पाठीच्या कण्यावर ऊन पडू नये म्हणून सदऱ्याला आतून गादी शिवलेली असे. दुसऱ्या महायुद्धात सैनिक साध्या टोप्या घालून, कधी उघड्या अंगाने वाळवंटात लढले आणि या दोन्ही गोष्टी गुपचूप बाद झाल्या. या सगळ्यामागचे गृहीत एकच होते: ऊन सोसणे रक्तात असते. ज्याच्या रक्तात आहे त्याला काही होत नाही, ज्याच्या नाही त्याने स्वतःला झाकून घ्यावे. हे गृहीत मोडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. ते मोडले मुख्यतः खाणींत, धरणांवर आणि छावण्यांत, म्हणजे माणसे कोसळली की ज्यांचे काम अडत होते त्यांच्या जागी.

सुरुवात मात्र हौसेतून झाली. १७७४ मध्ये लंडनमध्ये डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी काही खोल्या भट्टीसारख्या तापवल्या आणि चार्ल्स ब्लॅगडेन आपल्या मित्रांसह त्यांत जाऊन उभे राहिले. मित्रांत वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सही होते. खोलीतले तापमान वाढवत वाढवत २६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत नेले. सोबत ठेवलेली अंडी वीसेक मिनिटांत कडक उकडल्यासारखी झाली, मांसाचा तुकडा शिजला, आणि माणसे काही मिनिटांनी चालत बाहेर आली. एक कुत्रीही आत नेली होती. तापलेल्या फरशीने पाय भाजू नयेत म्हणून तिला टोपलीत बसवले होते. तीही सुखरूप राहिली. ब्लॅगडेन यांना जिवंत शरीरात थंडावा निर्माण करणारी काही शक्ती आहे असे वाटत होते, पण त्यांच्याच एका प्रयोगात खरे उत्तर दडलेले होते. त्या खोलीत उघड्या भांड्यातले पाणी उकळेना. त्यावर तेलाचा थर सोडला तेव्हा ते उकळू लागले. वाफ होऊन उडून जाणारे पाणी उष्णता सोबत नेते. घामाचे सगळे शास्त्र या एका भांड्यात होते.

याचीच उलटी बाजू जे. एस. हाल्डेन यांनी दाखवली. खाणीत विषारी वायूची चाहूल घ्यायला कॅनरी पक्षी न्यावा, ही कल्पना ज्यांच्या नावावर आहे तेच हे शास्त्रज्ञ. कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींतल्या उष्ण, दमट बोगद्यांचा अभ्यास करून त्यांनी १९०५ मध्ये लिहिले की साध्या तापमापकाचा आकडा फारसा कामाचा नाही. पाहायचा तो ओले फडके गुंडाळलेला तापमापक, कारण हवा अजून किती घाम सुकवू शकते ते त्यातून कळते. स्थिर हवेत हा ओला आकडा ८८ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ३१ अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की उघड्या अंगाने नुसत्या बसलेल्या माणसाचेही तापमान चढू लागते. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुढची वीस-पंचवीस वर्षे खाणींनी गाजवली. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणी खोल खोल जात होत्या. खोली वाढते तसा खडक तापतो, आणि धूळ बसावी म्हणून मारलेल्या पाण्याने बोगदे दमट होतात. १९२४ मध्ये सिटी डीप खाणीत उष्माघाताचे पहिले मृत्यू नोंदले गेले. मरणारे बहुतेक नव्याने भरती झालेले कृष्णवर्णीय मजूर होते. ‘आफ्रिकी माणूस उन्हाला काटकच’ ही समजूत इथे उपयोगी पडली नाही. त्याच वर्णाचा, त्याच गावचा जुना मजूर शेजारी फावडे मारत असायचा आणि नवा कोसळायचा. खाणीचे डॉक्टर अल्डो ड्रिओस्टी यांनी नव्या मजुरांना गरम खोलीत खडक उपसायला लावून त्यांचे तापमान कसे वाढते ते मोजले, त्यानुसार गट पाडले आणि काही दिवस हळूहळू काम वाढवून मगच त्यांना खोल बोगद्यात धाडण्याची पद्धत बसवली. १९३५ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. पुढच्या दशकांत जमिनीवरच हवामान-खोल्या बांधल्या गेल्या. मजुरांनी तिथे दिवसाला चार तास, असे आठ दिवस, ठोक्याच्या तालावर पायरी चढायची आणि उतरायची.

या पद्धतीने मृत्यू घटले, यात शंका नाही. पण हे ज्ञान कोणाच्या अंगावर मिळवले गेले तेही विसरू नये. हे मजूर स्वेच्छेने प्रयोगाला आलेले नव्हते, आणि मालकाला त्यांच्या सुखापेक्षा टनांची काळजी होती.

अमेरिकेत तीच गोष्ट कोलोरॅडो नदीवर घडली. हूवर धरणाचे काम १९३१ मध्ये सुरू झाले आणि त्या उन्हाळ्यात काही आठवड्यांतच डझनाहून अधिक माणसे उन्हाने दगावली. पुढच्या वर्षी हार्वर्डच्या थकवा-प्रयोगशाळेचे डी. बी. डिल आणि सहकारी तिथे जाऊन राहिले. त्यांनी मजुरांचा घाम गोळा केला. नव्याने आलेल्याचा घाम खारट होता, जुन्याचा बराच अळणी. शरीर पाणी सोडायला शिकत होतेच, शिवाय मीठ राखायलाही शिकत होते. त्याआधी १९२३ मध्येच के. एन. मॉस यांनी कोळसा खाणकामगारांच्या हातापायांत येणारे गोळे मीठ गेल्यामुळे येतात असे दाखवले होते. नुसते पाणी ढोसले की गोळे वाढतात, थोडे मीठ टाकले की थांबतात, हे कामगारांना त्याआधीही ठाऊक असावे.

मीठ कोण राखते, याचा शोध एका वेगळ्याच वाटेने लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन हे उष्ण, दमट खोलीत काम करणाऱ्या माणसांचा अभ्यास करत होते. काही दिवसांत घाम, लघवी आणि लाळ या तिन्हींतले मीठ कमी होते, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून कुठले तरी संप्रेरक पाझरत असले पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. ते संप्रेरक, अल्डोस्टेरॉन, १९५३ मध्ये सापडले. १९५५ मध्ये कॉन यांनी हेच संप्रेरक गरजेपेक्षा जास्त झाल्याने होणारा रक्तदाबाचा विकार वर्णन केला, आणि तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. उन्हाची सवय कशी लागते ते पाहता पाहता रक्तदाबाचे एक कारण हाती आले.

आता या सवयीचे वेळापत्रक बऱ्यापैकी पक्के आहे. उन्हात रोज तासा-दीड तासाचे अंगमेहनतीचे काम केले तर पहिल्या तीन-चार दिवसांत रक्तातला द्रव वाढतो. त्यामुळे त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी लागतात. मग घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो आणि त्यात मीठ कमी असते. आठवडा ते दोन आठवड्यांत हे बहुतेक पूर्ण होते. काम सुटले की तीन-चार आठवड्यांत बरेचसे जाते. सावलीत नुसते बसून ते मिळत नाही. शरीराचे तापमान वाढावे लागते, घाम गाळावा लागतो. म्हणूनच नव्या कामगाराला पहिल्या दिवशी एक पंचमांश वेळच उन्हात ठेवावे आणि रोज तेवढेच वाढवत न्यावे, असा नियम अमेरिकी कामगार-आरोग्य यंत्रणा आजही सांगतात. उघड्यावरच्या कामातले उष्माघाताचे बरेचसे मृत्यू पहिल्या काही दिवसांतच होतात.

सवय झाली की पाणी कमी लागते, हा एक हट्टी गैरसमज. सैनिकांना थोड्या पाण्यावर राहायला शिकवता येईल असे लष्करात अनेकांना वाटत होते. रॉचेस्टर विद्यापीठाचे ई. एफ. अडॉल्फ आणि त्यांचे सहकारी युद्धकाळात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांसोबत चालले आणि १९४७ च्या पुस्तकात त्यांनी हा समज मोडीत काढला. तहानेची सवय होत नसते. उलट सवयीचे शरीर जास्त घाम गाळते, म्हणून त्याला पाणी जास्तच लागते. आणि समोर पाणी असले तरी माणूस गेलेल्या पाण्यापेक्षा बरेच कमी पितो.

सगळे ऊन मात्र सारखे नसते. एक लिटर घाम सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळवंटात तो अंगावर दिसायच्या आत उडतो. किती पाणी गेले ते कळतच नाही, हाच तिथला धोका. दमट किनाऱ्यावर घाम नुसता निथळतो, मीठ-पाणी जाते आणि गारवा मिळत नाही. तासन्‌तास ओल्या राहिलेल्या कातडीतून घाम सुटणेही मंदावते. वाळवंटात कमावलेली सवय दमट जंगलात थोडी उपयोगी पडते, पण पुरी पडत नाही. १९५७ मध्ये अमेरिकी मरीन सैनिकांच्या पॅरिस आयलंड प्रशिक्षण तळासाठी याग्लू आणि मिनार्ड यांनी जो निर्देशांक बनवला त्यात ओल्या तापमापकाला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० टक्के आणि साध्या तापमापकाला फक्त १० टक्के वजन दिले, ते यामुळेच. बातम्यांत मात्र अजून त्या १० टक्क्यांचाच आकडा सांगतात.

घरेही याच फरकाने बांधली गेली. कोरड्या प्रदेशात रात्र थंड होते, म्हणून जाड मातीच्या भिंती, इराणमधल्या यझ्द शहराचे वारा खाली ओढणारे मनोरे, म्हणजे बादगीर, बगदादची दुपारी उतरायची तळघरे. दमट प्रदेशात रात्रही तशीच उबट, म्हणून तिथे खांबांवर उचललेली, पातळ भिंतींची, चहूकडून उघडी घरे. एका प्रदेशाचे घर दुसऱ्यात नेले तर त्याची भट्टी होते.

लहानपणाचा वाटा जपानच्या यासु कुनो यांनी १९३० च्या दशकात उलगडला. माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात, पण त्यांतल्या किती कामाला लागायच्या ते आयुष्याच्या पहिल्या दोनेक वर्षांत ठरते, असे त्यांना आढळले. उष्ण प्रदेशात जन्मलेल्या जपानी मुलांच्या चालू ग्रंथी मोठेपणी तिकडे गेलेल्या जपान्यांपेक्षा जास्त निघाल्या. रक्त तेच, पाळणा वेगळा. गंमत अशी की आयुष्यभर उष्ण प्रदेशात राहिलेल्यांना घाम उशिरा आणि बेताने सुटतो. खाणीतला मजूर दोन आठवड्यांत धबधबा शिकतो, आणि तिथेच वाढलेला माणूस काटकसर. दोघांनाही आपण ‘सवय’ हा एकच शब्द वापरतो.

१९०२ मध्ये विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी वातानुकूलनाचे यंत्र बसवले ते माणसांसाठी नव्हे, दमटपणाने फुगणाऱ्या कागदासाठी होते. पुढे कागदाचे सुख माणसाला मिळाले आणि त्यासोबत उन्हाशी रोजची गाठही सुटली. खिडक्या उघड्या असलेल्या इमारतींतली माणसे बाहेरच्या ऋतूबरोबर आपली सुखाची पातळी सरकवतात, बंद गार इमारतींतली फारशी सरकवत नाहीत, असे डी डिअर आणि ब्रेगर यांनी १९९८ मध्ये जगभरच्या नोंदींवरून दाखवले.

२००३ च्या उन्हाळ्यातल्या लाटेत युरोपात सुमारे ७०,००० माणसे नेहमीपेक्षा जास्त मेली, त्यांतली १५,००० च्या आसपास एकट्या फ्रान्समध्ये. जून २०२१ मध्ये कॅनडातल्या लिटन गावी ४९.६ अंश तापमान नोंदले गेले, आणि ब्रिटिश कोलंबिया प्रांतात त्या लाटेने ६१९ बळी घेतले, जवळजवळ सगळे घरात. हे मजूर नव्हते, सैनिकही नव्हते. बहुतेक म्हातारी माणसे होती, कित्येक एकटी राहणारी. शंभर वर्षांच्या प्रयोगांत त्यांच्याकडे कोणी फारसे पाहिले नव्हते, कारण त्यांच्याकडून फावडे मारून घ्यायचे नव्हते.

सवयीला छत किती, हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. शेरवूड आणि ह्युबर यांनी २०१० मध्ये गणिताने ओल्या तापमापकाची ३५ अंशांची मर्यादा सांगितली. त्यापलीकडे काही तासांत कोणतेही शरीर तगणार नाही. २०२२ मध्ये पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांना दमट खोलीत अगदी हलके काम देऊन प्रत्यक्ष मोजले, तेव्हा त्यांचे तापमान आवाक्याबाहेर जाऊ लागले ते ३१ अंशांच्या आसपास. हाल्डेन यांनी त्याआधी ११७ वर्षे सांगितला होता तोच आकडा. नंतर म्हाताऱ्या माणसांचीही तशीच चाचणी घेतली गेली, आणि त्यांची रेषा आणखी खाली निघाली.