स्रोतशोध, विष्ठाजन्य जिवाणूंचा

ओढ्याच्या किंवा नदीच्या पाण्यातील विष्ठाजन्य जिवाणू माणसाच्या, गुरांच्या, कुत्र्यांच्या की पाणपक्ष्यांच्या आतड्यांतून आले, हे ठरविण्याच्या पद्धतींना सूक्ष्मजैविक स्रोतशोध म्हणतात. नेहमीच्या तपासणीत पाणी ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या पटलातून गाळतात, पटल पोषक माध्यमावर ठेवून ४४.५ अंश सेल्सिअसला सुमारे २४ तास उबवतात आणि उगवलेल्या वसाहती मोजतात. पण ई. कोलाय हा जिवाणू सर्वच उष्णरक्ती प्राण्यांत आढळत असल्याने केवळ मोजणीतून स्रोताचा उलगडा होत नाही.

गेल्डराइच व केनर यांनी १९६९ मध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म (ई. कोलाय ज्यात मोडतो तो जिवाणूगट) आणि विष्ठाजन्य स्ट्रेप्टोकॉकाय (आतड्यांतील गोलाकार जिवाणूंचा गट) यांच्या गुणोत्तराचा वापर मांडला : ४ पेक्षा अधिक आल्यास मानवी सांडपाणी, ०.७ पेक्षा कमी आल्यास जनावरे. हे गुणोत्तर दूषण पाण्यात मिसळल्यापासून साधारण २४ तासांच्या आतच लावावे, असा इशारा मूळ मांडणीतच होता. तो पुढे बहुधा विसरला गेला. गुरांच्या शेणातील स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस पाण्यात लवकर मरतो, त्यामुळे शिळ्या शेणाचे गुणोत्तर वाढत जाऊन ते मानवी मैल्यासारखे दिसू लागते. उलट मैल्यातील चिवट एंटेरोकॉकाय (याच स्ट्रेप्टोकॉकाय गटातील जिवाणू) कोलिफॉर्मपेक्षा अधिक काळ तगल्यास त्याचे गुणोत्तर उतरते. अशा कारणांनी ही पद्धत आज ग्राह्य मानली जात नाही.

१९९० च्या दशकात प्रतिजैविक-रोध (जिवाणू कोणत्या प्रतिजैविकांना दाद देत नाही) आणि रायबोटायपिंग (रायबोसोमच्या जनुकांच्या ठशावरून जिवाणूची ओळख) यांवर आधारलेल्या पद्धती आल्या. त्यांना त्या खोऱ्यातील ज्ञात प्राण्यांच्या जिवाणूंचा संदर्भसंग्रह लागतो आणि एका खोऱ्याचा संग्रह दुसरीकडे सहसा चालत नाही. बर्नहार्ड व फील्ड यांनी २००० मध्ये बॅक्टेरॉइडेल्स या आतड्यांतील, ऑक्सिजनविना जगणाऱ्या जिवाणूंच्या गटातील, माणसाशी (एचएफ१८३) व रवंथ करणाऱ्या प्राण्यांशी (सीएफ१२८) निगडित जनुकीय खुणा दिल्या. त्या पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राने) थेट पाण्यातून शोधता येतात. हे जिवाणू ऑक्सिजन असलेल्या वाहत्या पाण्यात वाढत नसल्याने हा मार्ग अधिक भरवशाचा ठरतो. ई. कोलाय मात्र ओढ्याच्या गाळात तग धरतो आणि पाणवठ्यावर उतरलेल्या गुरांच्या खुरांनी गाळ ढवळला की पुन्हा वर येतो. हवाई बेटांवर तर तो मातीतच स्थिरावलेला आढळला आहे.

मानवी खुणा काही ठिकाणी कुत्र्या-कोंबड्यांच्या विष्ठेतही सापडत असल्याने प्रत्येक प्रदेशात त्या आधी पडताळाव्या लागतात. रवंथी खूण गाय, मेंढी व हरीण यांत भेद करीत नाही.