गंधशोधक श्वान-प्रशिक्षण

एखाद्या ठरावीक पदार्थाचा वास इतर असंख्य वासांतून वेगळा ओळखायचा आणि तो सापडताच ठरलेल्या खुणेने माणसाला कळवायचे, असे शिक्षण कुत्र्याला देण्याच्या पद्धतीस गंधशोधक श्वान-प्रशिक्षण म्हणतात. स्फोटके, अमली पदार्थ, वन्यप्राण्यांचे अवयव, ढिगाऱ्याखाली अडकलेली माणसे आणि अलीकडे काही आजार यांच्या शोधासाठी असे कुत्रे तयार केले जातात. पळून गेलेल्या माणसाच्या मागावर जाणे ही याची सख्खी, पण निराळी विद्या आहे. माग काढणारा कुत्रा त्या वेळी हुंगायला दिलेल्या एका माणसाच्या वासामागे जातो, तर गंधशोधक कुत्रा आयुष्यभर मोजक्या, आधीच शिकवलेल्या वासांचा शोध घेत राहतो.

ग्वाल्हेरच्या मराठी वाचकाला हा विषय घराजवळचा आहे. ग्वाल्हेर शहरातील लष्कर या भागातून निघून झाशीच्या रस्त्याने सुमारे 30 किलोमीटर गेले की टेकनपूर लागते. तेथे सीमा सुरक्षा दलाची अकादमी असून, 1970 मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्रही तेथेच आहे. निरनिराळ्या राज्यांची पोलिस दले आणि केंद्रीय दले यांचे कुत्रे येथे शिकतात. कुत्रा एकटा शिकायला येत नाही, त्याला पुढे सांभाळणारा माणूसही त्याच्यासोबत शिकतो. या माणसाला मराठी वृत्तपत्रे ‘श्वान हस्तक’ म्हणतात आणि ग्वाल्हेरच्या बोलण्यात तो ‘हँडलर’ असतो. प्रस्तुत नोंदीत ‘हस्तक’ हा शब्द याच अर्थाने वापरला आहे. या प्रशिक्षणाचा अवघड भाग कुत्र्याला वास शिकवण्यापेक्षा हस्तकाला शिकवण्यात आहे, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

कुत्र्याच्या नाकातील गंधग्राही पेशींची संख्या जातीनुसार सुमारे 20 ते 30 कोटी मानली जाते, तर माणसाच्या नाकात त्या 50 ते 60 लाखांच्या आसपास असतात. वास ओळखणाऱ्या ग्राहींची कार्यक्षम जनुके माणसात सुमारे 400, तर कुत्र्यात सुमारे 800 आहेत. संख्येइतकीच नाकाची रचनाही महत्त्वाची आहे. आत घेतलेल्या हवेचा एक लहानसा भाग नाकाच्या मागच्या बाजूस असलेल्या गंधकोनाड्यात वळतो आणि उरलेली हवा फुफ्फुसांकडे जाते, त्यामुळे वासाचे कण श्वासाच्या ओघात वाहून न जाता तेथे रेंगाळतात. उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून मागे निघतो आणि समोरचा वास उधळला जात नाही. हुंगताना कुत्रा सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत-बाहेर करतो. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला मात्र असे हुंगता येत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढणाऱ्या ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी या एका गोष्टीचा फार परिणाम होतो. लू सुटल्यावर कुत्रा तोंडाने श्वास घेऊन अंग थंड ठेवण्याच्या खटपटीत असतो, त्याच्या नाकाला काम करायला उसंत नसते. म्हणून उन्हाळ्यातील सराव पहाटे उरकावा लागतो आणि शोधाच्या मध्ये सावली, पाणी व विसावा द्यावा लागतो.

कुत्र्याला नेमका कशाचा वास येतो, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. आरडीएक्स हे स्फोटक फारच कमी बाष्प सोडते. ते शुद्ध करताना वापरलेल्या सायक्लोहेक्झॅनोन या द्रावकाचा अंश मात्र त्यात उरतो, आणि कुत्र्याला खूण पटते ती बरेचदा त्याची. कोकेनच्या बाबतीत मिथाइल बेन्झोएट आणि हेरॉइनच्या बाबतीत ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील तेच आंबट द्रव्य, हे काम करते. त्यामुळे सरावाचा नमुना निवडताना फार विचार करावा लागतो. एकाच कारखान्यातील, एकाच प्रकारच्या वेष्टणातील माल वापरून शिकवलेला कुत्रा दुसरीकडचा माल ओळखू शकत नाही, कारण त्याने पदार्थाऐवजी त्या मालाची एखादी आनुषंगिक खूणच पाठ केलेली असते.

निवड नाकावरून कमी आणि स्वभावावरून अधिक होते. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिनॉइज आणि कॉकर स्पॅनियल या जाती अधिक वापरात आहेत, पण त्यांतलेही प्रत्येक पिल्लू कामाचे निघत नाही. पारखणारा माणूस उंच गवतात चेंडू फेकतो आणि चेंडू दिसेनासा झाल्यावर पिल्लू किती वेळ शोधत राहते ते पाहतो. काही पिल्ले अर्ध्या मिनिटात परत येतात, तर काही पंधरा मिनिटांनीही गवत सोडत नाहीत. हीच चिकाटी पुढे सामानाच्या ढिगाऱ्यात आणि रेल्वेच्या डब्यांत उपयोगी पडते. गेल्या काही वर्षांत टेकनपूरला रामपूर हाउंड आणि मुधोळ हाउंड या देशी जातींनाही शिक्षण दिले जाते. मुधोळ हे घोरपड्यांचे मराठा संस्थान होते आणि तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. या जाती मूळच्या नजरेने शिकार हेरून धावणाऱ्या आहेत, त्यामुळे नाकाच्या कामात त्या मागे पडतील अशी शंका घेतली जात असे. 2024 मध्ये लखनौ येथे भरलेल्या अखिल भारतीय पोलिस स्पर्धेत सीमा सुरक्षा दलाच्या रिया नावाच्या देशी कुत्रीने माग काढण्याच्या विभागात पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा ही शंका बरीचशी मिटली.

प्रशिक्षणाचा पाया एका साध्या व्यवहारावर उभा आहे : हा वास सापडला की चेंडू मिळतो. कुत्र्याला अमली पदार्थाची चटक लावून शोधायला पाठवतात, हा समज अनेक सुशिक्षितांतही आढळतो, पण तो पूर्णपणे चुकीचा आहे. कुत्रा तो पदार्थ खात नाही, चाटतही नाही. त्याच्या लेखी गांजाचा वास ही खेळ सुरू होण्याची वर्दी असते.

सुरुवातीला एका ओळीत चार-पाच सारखे डबे ठेवतात, झाकणांना भोके असलेले. एकात नमुना असतो, बाकीचे रिकामे असतात. कुत्रा पट्ट्यावर येतो आणि पहिल्या डब्यावरून नाक फिरवून पुढे सरकतो. तिसऱ्या डब्यापाशी त्याचे डोके एकदम मागे वळते, हुंगण्याचा आवाज दाट आणि भरभर होतो, शेपटीची हालचाल बदलते. नेमक्या त्या क्षणी चेंडू डब्याजवळ पडला पाहिजे. तो दोन सेकंद उशिरा पडला, तर कुत्र्याने तोवर मान वर करून हस्तकाकडे पाहिलेले असते आणि त्याच्या मनात बक्षीस त्या पाहण्याशी जोडले जाते. हा क्रम शेकडो वेळा झाला की वास आणि खेळ यांची गाठ पक्की बसते. त्यानंतर खूण शिकवतात. स्फोटकांसाठी ही खूण नेहमी शांत असते, म्हणजे वासाच्या जागी बसणे किंवा नाक रोखून निश्चल उभे राहणे. खरवडणे किंवा भुंकणे ही खूण अमली पदार्थांच्या कामात पूर्वी चालत असे, बॉम्बच्या बाबतीत ती जीवघेणी ठरू शकते.

पुढच्या टप्प्यात डब्यांत भुलवणारे वास येतात : बिस्किटे, साबण, दुसऱ्या कुत्र्याच्या अंगाचा वास, रिकामी प्लास्टिकची पिशवी, नमुना हाताळताना वापरलेला हातमोजा. यांतला शेवटचा सर्वांत महत्त्वाचा आहे. नमुना ठेवणारा माणूस एकच असेल, त्याने फक्त नमुन्याच्या डब्याला हात लावला असेल आणि रिकाम्या डब्यांना लावला नसेल, तर कुत्रा काही दिवसांत त्या माणसाचा हात शोधू लागतो. त्याच्या दृष्टीने त्याचे उत्तर बरोबरच असते. म्हणून रिकामे डबेही तितकेच हाताळतात, पिशव्या आणि मोजे नमुन्याविना वेगळ्या डब्यांत ठेवतात, निरनिराळे नमुने एका कपाटात ठेवत नाहीत आणि डबे रोज धुतात. यानंतर शोध खोल्यांत, वाहनांत, सामानात आणि मोकळ्या मैदानात होतो. काही शोध मुद्दाम रिकामे ठेवतात, कारण ‘येथे काही नाही’ हेही उत्तर असू शकते, हे कुत्र्याला आणि विशेषतः हस्तकाला शिकावे लागते. संपूर्ण शिक्षणास कामाच्या प्रकारानुसार साधारण सहा ते नऊ महिने लागतात आणि नोकरीत आल्यावरही सराव सुटत नाही.

घरच्या कुत्र्यासोबतही हा खेळ खेळता येतो. परदेशात त्याच्या स्पर्धा होतात आणि त्यांत लवंग, बडीशेपेच्या जातीची ॲनिस आणि बर्च झाडाचे तेल हे वास वापरतात. आपल्याकडे लवंग सहज मिळते म्हणून तिनेच सुरुवात करावीशी वाटते, पण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एखाद्या जुन्या मराठी घरात ती निवड फसते. गोडा मसाला भाजला की लवंगेचा वास स्वयंपाकघरापासून माजघरापर्यंत, पदरापासून पितळी डब्यांच्या झाकणांपर्यंत सगळीकडे बसतो, आणि कुत्र्याला डबीतल्या लवंगेचा वास बाकीच्या घरापासून वेगळा काढता येत नाही. एक-दोन दिवस तो गोंधळतो आणि मग खेळाचा नाद सोडतो. घरात एरवी न वापरली जाणारी वस्तू, उदाहरणार्थ निलगिरी तेलाचा एक थेंब लावलेला कापूस, झाकणाला भोके पाडलेल्या डबीत ठेवावी. डबी लपवणाऱ्याने शोधाच्या वेळी खोलीत थांबू नये.

या शेवटच्या सूचनेमागे शंभर वर्षांहून जुना अनुभव आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीत हान्स नावाचा एक घोडा खुराने ठोके देऊन गणिते सोडवतो, म्हणून गाजला होता. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर घोड्यालाही ते येत नाही. योग्य ठोका येताच माणसाच्या डोक्याची जी नकळत हालचाल होई, ती घोडा टिपत होता. कुत्रा तर माणसाच्या चेहऱ्याकडे पाहण्यात घोड्याहून तरबेज आहे. अमेरिकेत 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 18 हस्तक आणि त्यांचे कुत्रे यांना एका चर्चच्या इमारतीत शोध घेण्यास सांगितले. शोधाच्या वासाचा नमुना काही ठिकाणी असू शकेल आणि तेथे कागदाची खूण असेल, असे हस्तकांना सांगितले होते, प्रत्यक्षात नमुना कोठेच नव्हता. तरीही बहुतेक शोधांत हस्तकांनी कुत्र्याने खूण दिल्याचे नोंदवले, आणि अशा नोंदी कागद लावलेल्या जागांपाशी अधिक होत्या. यात कोणी लबाडी केली नव्हती. पट्टा किंचित आखडणे, एका जागी पाऊल अडखळणे, श्वास रोखून धरणे एवढेही कुत्र्याला पुरेसे असते, आणि अपेक्षा असली की माणसालाही खूण दिसू लागते.

यावर उपाय म्हणजे दुहेरी अंध चाचणी. नमुना कोठे आहे हे हस्तकाला आणि त्याच्यासोबत उभ्या असलेल्या परीक्षकाला, दोघांनाही ठाऊक नसते. ही चाचणी हस्तकाच्या अभिमानाला जड जाते, कारण सरावात शंभर टक्के दिसणारा निकाल येथे खाली येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, कुत्र्याच्या कामगिरीचे जे आकडे अशा चाचणीतून आलेले नाहीत, त्यांना फारसा अर्थ नाही.

वैद्यकीय क्षेत्रात ही शिस्त विशेष पाळली जाते. 2004 मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासात सहा कुत्र्यांना मूत्राच्या वासावरून मूत्राशयाचा कर्करोग ओळखण्यास शिकवले. सात नमुन्यांतून एक निवडायचा होता. 54 प्रयत्नांपैकी 22 बरोबर आले, म्हणजे 41 टक्के. नुसत्या अंदाजाने 14 टक्के आले असते. हा निकाल दवाखान्यात वापरण्याइतका नव्हता, पण वास खरोखर आहे हे त्यातून कळले. करोनाच्या साथीत, सप्टेंबर 2020 मध्ये, हेलसिंकीच्या विमानतळावर कुत्रे नेमले गेले आणि भारतीय लष्करानेही असे कुत्रे तयार केले. त्यांतली जया ही तमिळनाडूतील चिप्पिपाराई या देशी जातीची होती.

सुरक्षेच्या क्षेत्रात मराठी माणसाला आठवतो तो मुंबई पोलिसांचा लॅब्राडॉर जंजीर. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतरच्या शोधांत त्याने 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर आणि 249 हातबॉम्ब हुडकल्याची नोंद आहे. 2000 मध्ये तो हाडांच्या कर्करोगाने गेला. वन्यजीव क्षेत्रात ट्रॅफिक (वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारी संस्था) आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया ही निसर्गसंवर्धन संस्था यांनी 2008 पासून वाघ-बिबट्यांची कातडी, हाडे आणि हस्तिदंत शोधणारे कुत्रे वन विभागांना मिळवून दिले. पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात मोडणाऱ्या श्योपूर भागातील कुनो राष्ट्रीय उद्यानात चित्ते आणल्यावर तेथील शिकाऱ्यांना आळा घालण्यासाठी इलू ही जर्मन शेफर्ड कुत्री निवडली गेली. तिचे शिक्षण हरियाणातील पंचकुला येथे झाले.

न्यायालयात या विद्येचे वजन मर्यादित आहे. कुत्र्याने दिलेल्या खुणेवर पुढील झडती घेता येते आणि त्या झडतीत सापडलेला माल हा स्वतंत्र पुरावा असतो. माणसाच्या मागाचे तसे नाही. 1969 मध्ये महाराष्ट्रातून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कुत्र्याने काढलेल्या मागाचा पुरावा ग्राह्य धरला तरी त्याला सामान्यतः फारसे वजन देता येत नाही. कुत्र्याची उलटतपासणी होऊ शकत नाही आणि साक्ष हस्तकाचीच घ्यावी लागते. म्हणून शोधाची वेळ, हवामान, कुत्र्याचा सराव आणि आधीच्या चाचण्यांतील चुका यांची नोंदवही हस्तकाला रोज भरावी लागते, आणि साक्षीच्या वेळी तीच त्याच्या हाती असते.