आध्यात्मिक प्रौढता, ख्रिस्ती : ग्रामीण विदर्भातील संगोपन

ख्रिस्ती श्रद्धावंताचा विश्वास, विवेक आणि आचरण ही ख्रिस्ताच्या स्वभावाशी उत्तरोत्तर जुळत जाणे, यास आध्यात्मिक प्रौढता म्हणतात; मंडळ्यांच्या, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायांच्या, रोजच्या बोलण्यात ‘परिपक्वता’ आणि ‘विश्वासात वाढणे’ हे शब्दही रूढ आहेत. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा दीक्षाविधी, ही या वाढीची सुरुवात मानली जाते. बायबलच्या नव्या करारात यासाठी येणारा ‘तेलेइओस’ हा ग्रीक शब्द ध्येय या अर्थाच्या शब्दापासून आला असून तो पूर्ण वाढ झालेल्या माणसासाठी वापरला जाई. प्रौढता म्हणजे निर्दोषपणा नव्हे, हे त्यावरून लक्षात येते. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आपण अजून पूर्णत्वाला पोहोचलो नाही असे पत्रलेखक प्रेषित पौल सांगतो आणि थोड्याच ओळींनंतर स्वतःला प्रौढांमध्ये मोजतो.

करिंथकरांस पहिले पत्र आणि इब्रीकरांस पत्र या दोहोंत दूध व जड अन्न यांची उपमा आहे : बालकाला दूध पुरते, पण बरे-वाईट पारखण्याचा सराव झालेल्याला जड अन्न लागते. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील विचार याहून व्यापक आहे. तेथे पाळक (मंडळीचे धर्मगुरू) व शिक्षक यांचे काम विश्वासणाऱ्यांना सेवेसाठी तयार करणे हे सांगितले असून, प्रौढ व्हायचे आहे ते संपूर्ण शरीराने, म्हणजे मंडळीने. एकट्याने साधायची सिद्धी अशी प्रौढतेची कल्पना त्यामुळे या परंपरेत बसत नाही. मार्काच्या शुभवर्तमानातील आपोआप वाढणाऱ्या बियाणाचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली दृष्टांतकथा, ज्वारी पिकवणाऱ्या विदर्भात समजावून सांगावा लागत नाही : आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा, पेरणारा रात्री झोपतो, सकाळी उठतो आणि वाढ कशी झाली हे त्याला कळत नाही.

विदर्भात प्रॉटेस्टंट कार्याचा पाया स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 1845 मध्ये नागपुरात घातला. पुढे वऱ्हाडातही वेगवेगळ्या मिशनांनी काम केले. यवतमाळ हे फ्री मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या कार्याचे केंद्र झाले आणि तेथेच 1953 मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मशिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले, जे 1983 मध्ये पुण्यास हलले. कॅथलिक पंथाचा नागपूर धर्मप्रांत 1887 मध्ये, तर अमरावती धर्मप्रांत 1955 मध्ये स्थापन झाला. उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या 1970 मध्ये नागपुरातच एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आली. श्रद्धावंताला प्रौढतेकडे नेण्याची, म्हणजे संगोपनाची, पद्धत यांपैकी प्रत्येक परंपरेनुसार बदलते. कॅथलिक धर्मग्रामात (एका चर्चच्या कार्यक्षेत्रात) धर्मशिक्षण, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणारा संस्कार) आणि पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) यांना मध्यवर्ती स्थान असते, तर मेथडिस्टांच्या मागे त्या पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या ‘क्लास’चा, म्हणजे लहान गटाचा, वारसा आहे. ब्रिस्टल येथे 1742 मध्ये प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सुमारे बारा-बारा जणांचे गट पाडले गेले आणि दर आठवड्याला वर्गणी गोळा करायला जाणारा गटप्रमुख घरोघरच्या आत्मिक अवस्थेचीही विचारपूस करू लागला. त्यातून ही पद्धत रुजली. मोठ्या सभेत जे बोलले जात नाही ते लहान गटात बोलले जाते, हे तिचे मर्म आहे, आणि खेड्यातील मंडळीला तेच सर्वांत उपयोगी पडते.

ग्रामीण विदर्भात एका पाळकाकडे बहुधा अनेक गावे असतात. दोन भेटींमधल्या दिवसांत मंडळी सांभाळतात ते गावातलेच वडील, संडे स्कूल (रविवारचे मुलांचे धर्मशिक्षण) घेणारी एखादी अंगणवाडीताई किंवा शिक्षक, आणि महिला मंडळ. संगती, म्हणजे प्रार्थना व वाचनाची लहान सभा, भरते ती कोणाच्या तरी ओसरीत, दिवेलागणीनंतर. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत तीही उशिरा, कारण बाया दिवसभर वावरात असतात. ज्या वृद्धांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी उतारा दोन-तीनदा मोठ्याने वाचणे, वचन पाठ करून घेणे आणि भजन म्हणणे हाच अभ्यास असतो. काही काळ नागपुरात राहिलेले आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचे रूप दिले, त्याचे मोल अशा ओसरीत कळते : टाळाच्या ठेक्यावर म्हटलेली ओळ निंदण करतानाही ओठांवर राहते. वाचून झाल्यावर पुस्तकी मराठी बाजूला ठेवून वऱ्हाडीत ‘याच्यातून आपल्याले काय समजलं?’ असे विचारणारा चालक, लांब प्रवचन करणाऱ्यापेक्षा अधिक घडवतो, कारण उत्तर देताना माणसाला स्वतःच्या घराकडे पाहावे लागते.

प्रौढतेची कसोटी गावगाड्यात लागते. गावात भागवत सप्ताह झाला, महाप्रसादाची पंगत बसली आणि शेजाऱ्याने प्रेमाने बोलावले, तर काय करावे, हा प्रश्न येथील श्रद्धावंताला वारंवार पडतो. करिंथच्या मंडळीलाही मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी असाच प्रश्न पडला होता. पौलाचे उत्तर दोन पायऱ्यांचे आहे : मूर्ती काहीच नाही हे ज्याला कळले त्याला त्या अन्नाचे भय नाही, पण आपल्या मोकळेपणामुळे दुर्बळ भावाचा विवेक डळमळणार असेल तर तो मोकळेपणा सोडून द्यावा. ज्ञान फुगवते आणि प्रीती बांधते, हा त्याचा मुद्दा. म्हणूनच पंगतीला जाणारा आणि न जाणारा यांपैकी कोण प्रौढ, हे केवळ जाण्या-न जाण्यावरून ठरत नाही. नकार देताना शेजाऱ्याचा मान राखणे, आणि गेलेल्या भावाला मंडळीत घालूनपाडून न बोलणे, या दोन्ही गोष्टी शिकवाव्या लागतात. नियमांची यादी देणे सोपे असते. विवेक घडवायला वर्षे लागतात.

दुसरी कसोटी नापिकीची. कोरडवाहू शेती, पावसाचा खंड, बोंडअळी आणि डोक्यावरचे कर्ज यांनी या भागातील अनेक घरे खचली आहेत. अशा घरी जाऊन ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे सांगणे ही केवळ अपरिपक्व शिकवण नव्हे, ती क्रूर आहे. बायबलमधील, संकटांनी घेरलेल्या ईयोबाला त्याच्या पापामुळेच हे भोगावे लागते असे सांगणाऱ्या मित्रांची चूक हीच होती; आणि ज्याला तो ‘देहातला काटा’ म्हणतो ती आपली पीडा निघावी म्हणून पौलाने तीनदा प्रार्थना केली तरी ती निघाली नाही, कृपा मात्र मिळाली. आजारपणात प्रार्थनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणे, खचलेल्या शेतकऱ्याला रात्री एकटे न सोडणे, पेरणीला बैलजोडी देणे, दारूमुळे मोडकळीस आलेल्या घरातील बाईचे गाऱ्हाणे तिला दोष न देता ऐकणे : गलतीकरांस पत्रातील ‘एकमेकांची ओझी वाहा’ ही आज्ञा येथे अशा कामांतून पाळली जाते. याकोबाच्या पत्रानुसार परीक्षेतून धीर उत्पन्न होतो आणि धीराने माणूस पूर्ण होतो. परंतु हे वचन संकटात सापडलेल्याने स्वतः उच्चारावे, इतरांनी त्याच्यावर लादू नये.

गलतीकरांस पत्रातील आत्म्याच्या फळांत, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे घडणाऱ्या गुणांत, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, सौम्यता, इंद्रियदमन यांची गणना होते. वक्तृत्व किंवा प्रार्थनेची लांबी त्यात नाही. तरीही पुढे बसणारा आणि चांगले बोलणारा लवकर ‘वडील’ होतो, आणि ज्या बायांनी वर्षानुवर्षे मुलांना वचने शिकवली त्यांचे मत निर्णयाच्या वेळी विचारले जात नाही. ही उणीव अनेक मंडळ्यांत आहे. तरुण मुले-मुली शिक्षणासाठी व कामासाठी नागपूर, पुण्याकडे जात असल्यामुळे घडवण्याचा काळही आखूड झाला आहे. दहावी-बारावीपर्यंतच जे द्यायचे ते द्यावे लागते, म्हणून काही ठिकाणी किशोरवयीनांना उतारा वाचणे, प्रार्थना चालवणे, आजाऱ्याच्या भेटीला सोबत जाणे अशी कामे लवकर सोपवतात. आणि नाताळात गावी परतलेल्या मुलीकडे त्या रात्रीच्या उपासनेतील मनन (उताऱ्यावरचे छोटे विवेचन) दिले जाते.