ग्रीसच्या बेटांवर जाण्यापूर्वी: वारा, बोट आणि बाकीची तयारी

हे पत्रक बुकिंग केलेल्या ग्राहकांसाठी आहे. काय पाहायचे, कुठे जेवायचे ते तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत आहेच. बेटांवरची सहल कुठे अडते, का अडते आणि त्यासाठी घरूनच काय करून ठेवायचे, तेवढे इथे दिले आहे. एकदा वाचा आणि छापील प्रत पासपोर्टसोबत ठेवा.

आधी वारा, मग तारखा

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून कोरडा, जोरकस वारा सुटतो. तिथले लोक त्याला मेल्तेमी म्हणतात. बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानावर कमी, म्हणून तो वाहतो. तुर्कस्तानावरचा हा कमी दाब म्हणजे आपला मान्सून ओढून आणणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याचेच पश्चिमेकडचे टोक आहे. आपल्याकडे पावसाळ्यात मांडव्याच्या बोटी बंद होतात तेव्हा आभाळ भरून आलेले असते, त्यामुळे कारण विचारावे लागत नाही. तिथे मात्र आभाळ निळेशार, ऊन लख्ख आणि तरीही बोटी धक्क्याला बांधलेल्या, असे होते. वारा एकदा सुटला की तीन-चार दिवस टिकू शकतो.

बोट सोडायची की नाही हे बोट कंपनी ठरवत नाही, बंदर अधिकारी ठरवतात. वाऱ्याचा जोर बोफोर्ट श्रेणीत मोजतात आणि बोटीच्या प्रकारानुसार बंदी लागू होते. छोट्या बोटी आणि वेगवान कॅटामरान (जोडसांगाड्याच्या बोटी) आधी थांबतात, मोठ्या गाड्यावाहू फेरी सर्वांत शेवटी. म्हणून जुलै-ऑगस्टच्या सहलीत आम्ही शक्यतो मोठ्या फेरीचेच तिकीट काढतो. पिरेअस (अथेन्सचे बंदर) ते सँटोरिनी हा प्रवास कॅटामरानने साधारण पाच तासांचा, तर मोठ्या फेरीने साडेसात-आठ तासांचा आहे. जास्तीचे तीन तास वाया जात नाहीत: डेकवर मोकळ्या हवेत बसता येते आणि पोटही जाग्यावर राहते.

हवामानामुळे बोट रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीवर जागा मिळते. अडकलेल्या रात्रीचे हॉटेल मात्र बोट कंपनी देत नाही. युरोपीय नियमातच खराब हवामानाला तशी सूट आहे. तो खर्च तुमचा, किंवा विम्यात प्रवास-विलंबाचे कलम असेल तर विम्याचा.

यावरून आमचे दोन नियम. एक: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम अथेन्समध्येच. सकाळी बेटावरून बोट आणि रात्री मुंबईचे विमान, असा कार्यक्रम आम्ही करून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. दोन: लांबचे बेट आधी, जवळचे नंतर. म्हणजे अथेन्सहून थेट सँटोरिनी, तिथून नाक्सोस किंवा पारोस, मग पिरेअस. शेवटच्या बेटावर बोटी जितक्या जास्त आणि मोठ्या, तितकी सुटका सोपी. १५ ऑगस्टला मरियमच्या सणासाठी अर्धा ग्रीस बेटांकडे निघतो. त्या आठवड्यात रद्द झालेल्या बोटीऐवजी दुसरीत जागा मिळेल, असे गृहीत धरू नका.

पिरेअस बंदरात

हे बंदर अवाढव्य आहे. दारांना इ-१, इ-२ असे क्रमांक आहेत आणि एका टोकाच्या दारापासून दुसऱ्या टोकाला सामान ओढत जाणे म्हणजे शिक्षाच. तिकिटावरचा दार क्रमांक आदल्या दिवशी पुन्हा तपासा, कारण तो बदलू शकतो. विमानतळावरून मेट्रोची निळी मार्गिका थेट पिरेअसला जाते. गर्दीच्या डब्यात पाकीट मागच्या खिशात नको. बोट सुटण्याच्या निदान एक तास आधी दारापाशी असा.

मोठ्या सुटकेसा गाड्यांच्या मजल्यावर, बेटाच्या नावाची पाटी असलेल्या कप्प्यात ठेवायच्या असतात. औषधे आणि पासपोर्ट त्यात ठेवू नका, प्रवासात खाली जाता येत नाही. मधल्या बेटांवर बोट जेमतेम पाच-दहा मिनिटे थांबते. घोषणा झाली की लगेच खाली उतरा. सावकाश चहा संपवणाऱ्यांचे बेट मागे पडते.

बोट लागत असेल तर मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची जागा घ्या, तिथे हेलकावे कमी बसतात. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, ती प्रवासाच्या तास-दोन तास आधी घ्यावी लागते. तिने झोप येते. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे चालू असलेल्या ज्येष्ठांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

कागदपत्रे आणि विमा

शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान ३ महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला लागतो. अर्ज सहलीच्या ६ महिने आधीपासून करता येतो. प्रौढांचे शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांचे ४५. ऑक्टोबर २०२५पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. तुम्ही फ्रँकफर्टसारख्या विमानतळावरून पुढे जाणार असाल तर ही रांग तिथेच लागते, म्हणून जोडविमानात ३ तासांपेक्षा कमी वेळ आम्ही ठेवत नाही.

व्हिसासाठी ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण पुरते. व्हिसा मिळणे आणि उपचार भागणे या वेगळ्या गोष्टी आहेत. गंभीर रुग्णाला छोट्या बेटावरून अथेन्स किंवा क्रीटला हलवावे लागते, मग शस्त्रक्रिया, मग सोबत्याचा मुक्काम. म्हणून आमची शिफारस किमान १ लाख युरोंची. मधुमेह, रक्तदाब, बायपास यांपैकी काहीही अर्जात लपवू नका, दावा तिथेच फेटाळला जातो.

खोलीचा एक खर्च आमच्या रकमेत नसतो: हवामान लवचिकता शुल्क, म्हणजे तिथला सरकारी कर. एप्रिल ते ऑक्टोबर दर खोलीला दर रात्री तीन तारांकित हॉटेलात ५ युरो, चारमध्ये १०, पाचमध्ये १५. हॉटेलच ते घेते आणि पावती देते. ही फसवणूक नव्हे.

चारचाकी 'क्वाड' गाडी घेऊ नका

बेटावर पाऊल ठेवताच या गाड्यांच्या रांगा दिसतात आणि चार चाके आहेत म्हणजे स्कूटरपेक्षा सुरक्षित, असे वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. गाडी अरुंद, बसण्याची जागा उंच, टायर मऊ आणि मातीसाठी केलेले. अनेक गाड्यांत मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे डांबरी वळणावर आतले चाक घसटत जाते, गाडी सरळ जाऊ पाहते आणि जोरात वळवली की कलंडते. वाहतूक उजव्या बाजूने चालते, हा आपल्यासाठी वेगळा धोका. बऱ्याच पॉलिसींत असा अपघात वगळलेला असतो.

मोटार घ्यायची असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या, भारतीय परवाना एकटा चालत नाही. स्कूटरसाठी भारतीय परवान्यावर दुचाकीचा प्रकार हवा, नुसता मोटारीचा नव्हे. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे, टायरचे आणि काचांचे चित्रण करा. 'पूर्ण विमा' म्हटले तरी टायर, तळ आणि आरसे त्यातून वगळले आहेत का ते विचारा.

पाण्यात

इथे पुन्हा वारा. मेल्तेमी उत्तरेकडून येतो, म्हणून उत्तर किनाऱ्यावर लाटा उसळतात आणि दक्षिण किनारा शांत दिसतो. सगळे दक्षिणेला जातात, ते बरोबरच. पण तिथे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. हवा भरलेली गादी, रबरी ट्यूब किंवा फुगवलेला बदक त्यावर शिडासारखा पळतो, आणि मूल शंभर मीटर आत गेल्याचे किनाऱ्यावरून लक्षात येत नाही. हवेच्या वस्तू वाऱ्याच्या दिवशी पाण्यात नेऊच नका. गादी निसटली तर जाऊ द्या, तिच्यामागे पोहू नका.

सँटोरिनीच्या पेरिसा आणि कामारी किनाऱ्यांवर तळ लवकर खोल होतो. पेरिसाला पाण्याच्या काठाशी गुळगुळीत, घसरड्या शिळाही आहेत. काळी वाळू दुपारी पाय भाजते. खडकाळ जागी रबरी तळाचे पाण्यातले बूट घाला, समुद्री साळूचे (सी अर्चिनचे) काटे त्यांनीच अडतात. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचे नाही.

जांभळ्या जेलीफिशचा डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडे पाणी ओतल्यास त्वचेवर राहिलेल्या डंखपेशी फुटतात. या जातीला व्हिनेगरही नको. चिकटलेले तंतू एटीएम कार्डच्या कडेने हळूच काढा. खायचा सोडा आणि समुद्राचे पाणी समप्रमाणात कालवून लेप लावता येतो, म्हणून सोड्याची पुडी सोबत असू द्या. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट ११२.

ऊन, वणवा, भूकंप

'आम्ही नागपूरचे, आम्हाला उन्हाचे काय', हे आम्ही नेहमी ऐकतो. तिथल्या कोरड्या वाऱ्यात घाम क्षणात वाळतो आणि शरीरातले पाणी किती गेले ते कळत नाही. जून २०२४च्या उष्णतेच्या लाटेत बेटांवर पायी फिरायला निघालेल्या काही परदेशी पर्यटकांचा मृत्यू झाला. सँटोरिनीतल्या 'फिरा' गावापासून 'ईया' गावापर्यंतची वाट सुमारे १० किलोमीटरची, जवळपास सावलीविना. सकाळी सातला निघा, माणशी २ लिटर पाणी आणि ओआरएसची २ पाकिटे घ्या. दुपारी १२ ते ५ चालणे नको.

जुलै २०२३मध्ये ऱ्होड्स बेटावर वणव्यामुळे सुमारे १९,००० लोकांना हलवावे लागले. अशा वेळी नागरी संरक्षण खाते ११२ प्रणालीवरून परिसरातल्या सगळ्या मोबाइलवर कर्कश आवाजाचा इशारा पाठवते, ग्रीक आणि इंग्रजीत. त्याला इंटरनेट लागत नाही, पण फोन चालू आणि तिथल्या जाळ्याशी जोडलेला हवा. आपत्कालीन इशाऱ्यांची सेटिंग घरीच चालू करा. रात्री दाराशी एक छोटी पिशवी ठेवा: पासपोर्ट, औषधे, चार्जर, पाणी, सुती रुमाल. शेजारी बंद बूट. चपलांनी राखेतून चालता येत नाही.

सँटोरिनीला २०२५च्या जानेवारीअखेरपासून आठवडेच्या आठवडे भूकंपाचे धक्के बसत होते आणि हजारो लोक बेट सोडून गेले. तेव्हा प्रशासनाने अमूदी, आर्मेनी, कोर्फोस ही छोटी बंदरे आणि फिराचे जुने बंदर टाळायला सांगितले होते, कारण कड्यावरून दरडी कोसळतात. समुद्रकाठी असताना जोराचा धक्का बसला तर इशाऱ्याची वाट न पाहता उंचावर जा, कड्याच्या कडेपासून मात्र दूर.

औषधे, डबा आणि खोली

नेहमीची औषधे सहलीचे दिवस अधिक ५ दिवसांची घ्या, अर्धी पर्समध्ये, अर्धी सोबत्याकडे. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, भारतीय ब्रँड तिथे कुणाला कळत नाही. पॅरासिटामोल तिथे 'डेपॉन' नावाने सहज मिळते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा वेदनाशामक चिठ्ठीशिवाय नेऊ नका.

तूप, पेढे, बर्फी, पनीर हे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, मांसाचेही नाहीत. कढीपत्त्याची ताजी जुडी आणि हापूसची पेटीही घरीच राहू द्या. चिवडा, भडंग, मेतकूट, कोरड्या चटण्या चालतात. शाकाहारींनी सँटोरिनीचा 'फावा' मागावा: पिवळ्या डाळीचे घट्ट वरणच ते, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. 'निस्तीसिमो' म्हणजे उपवासाचे, त्यात मांस, दूध, अंडी नसतात. पण ग्रीक उपवासाला कोळंबी आणि माखुल चालतात, तेवढे विचारून घ्या.

सँटोरिनीत नळाचे पाणी पिऊ नका. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. सांडपाण्याचे नळ अरुंद असल्याने तुंबतात. जेट स्प्रे नसतो, एक छोटी बाटली न्या. कड्यावरच्या खोल्यांना लिफ्ट नसते. गुडघ्यांचा त्रास असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, आम्ही हॉटेलकडून पायऱ्यांची संख्या विचारून घेतो.

फोनमध्ये आणि कागदावर

कोणत्याही संकटात ११२. रुग्णवाहिका १६६, अग्निशमन १९९, पोलीस १००, तटरक्षक १०८, पर्यटक पोलीस १५७१. आपल्याकडच्या सवयीने रुग्णवाहिकेसाठी १०८ लावाल तर तटरक्षक दल उचलेल. विमा कंपनीचा चोवीस तासांचा क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक कागदावर लिहा, फोन पाण्यात पडू शकतो. दवाखान्यात भरती होण्यापूर्वी विमा कंपनीला कळवा; बेशुद्धावस्थेत नेले तर सोबत्याने २४ तासांत कळवावे.

काही शब्द पाठ करा: वोइथिया म्हणजे मदत, यात्रोस म्हणजे डॉक्टर, फार्माकिओ म्हणजे औषधाचे दुकान, लिमानी म्हणजे बंदर, नेरो म्हणजे पाणी. आणि एक विशेष लक्षात ठेवा: ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो, आणि 'ओही' म्हणजे नाही. औषधाची ॲलर्जी आहे का असे विचारल्यावर घाईत 'नाही, नाही' म्हणालात तर समोरचा ते 'ने, ने' असे ऐकू शकतो. मान हलवू नका, 'ओही' म्हणा.